बशीतला प्रयोग आणि रुग्णाचे औषध

‘चिनी वनस्पतीने स्तनाच्या कर्करोगाचा फैलाव रोखला’ अशी बातमी अधूनमधून येते आणि लगेच नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरू लागते. आत वाचावे तर प्रयोग काचेच्या बशीतल्या पेशींवर किंवा उंदरांवर झालेला असतो. तो कोणावर झाला, हे मथळ्यातच सांगायला हवे.

चीनच्या लोकवैद्यकात वापरल्या जाणाऱ्या ‘शीशू’ झाडाचेच पाहा. मूळचे नंदुरबारचे मनसुख वाणी आणि मन्रो वॉल यांनी अमेरिकेत त्यातून कॅम्प्टोथेसिन वेगळे केले. १९६६ मध्ये ते जाहीर झाले. पेशींवर ते जोरदार चालले. रुग्णांना दिल्यावर मात्र लघवीतून रक्त जाऊ लागले, अस्थिमज्जा खालावली आणि सत्तरच्या दशकात चाचण्या थांबवाव्या लागल्या. पुढे त्याच्या रेणूत बदल झाले, मग कर्कपेशी हुडकणाऱ्या प्रतिपिंडाला ते जोडले गेले. शरीरात पसरलेल्या ‘ट्रिपल निगेटिव्ह’ स्तनकर्करोगासाठी अशा औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली २०२० मध्ये. चोपन्न वर्षे गेली!

कॅम्प्टोथेसिन आपल्या सह्याद्रीतल्या नरक्यातही असते. म्हणून त्याची साल उकळून पिणे म्हणजे उपचार नव्हे, विषाची परीक्षा आहे. खरी भीती याहून साधी: अशा बातमीवर विसंबून एखादी बाई केमोथेरपी अर्धवट सोडते आणि गाठीला मोकळे रान मिळते. काढा सुरूच असेल, तर निदान तो डॉक्टरांपासून लपवू नये. काही वनस्पतींमुळे केमोच्या औषधाचे रक्तातले प्रमाण बदलते.