पाय वाघावर, पाठ धबधब्याला

पूर्वी संस्थानिक मेलेल्या वाघावर पाय ठेवून फोटो काढून घेत. 1972 च्या वन्यजीव कायद्याने तो पाय खाली घ्यायला लावला. पण पायाची खाज कुठे जाते? ती आता रविवारी सहकुटुंब चिंचोटीच्या धबधब्यावर येते!

आमचे मेहुणे त्यातलेच. सरडा दिसला, फोटो. माकडाच्या हातात वेफर, फोटो. वहिनी शेवाळलेल्या खडकावर, फोटो. "अजून जरा मागे हो," हे वाक्य धबधब्याच्या काठावर बायकोला म्हणणाऱ्याला दंड ठोकावा, असे माझे स्पष्ट मत आहे. 2018 च्या जुलैत इथेच शंभरावर माणसे पाण्यात अडकली होती. एक जण गेला. हे सांगितले तर म्हणतात, "भावोजी, बँकेत राहून तुम्हाला सगळीकडे बुडीत खातीच दिसतात!"

अहो, शिकारी वाईट खराच. पण मचाणावर रात्रभर गप्प तरी बसत असे. आमच्या मंडळींनी गाण्यांच्या दणक्यात तुंगारेश्वरच्या अभयारण्यातला पक्षीन् पक्षी उठवला.

रात्री मोबाइलवर त्रेसष्ट फोटो आले. सगळ्यांत मेहुणेच. धबधबा एकातही दिसेना.