मुख्यालयी राहायचे, पण कोठे?

बदल्यांचे आदेश निघाले आणि शाळा-महाविद्यालये उघडली की अलिबागमध्ये बिऱ्हाडाचा शोध सुरू होतो. जिल्हा परिषदेत नव्याने रुजू झालेला कारकून, थळ-नागावकडे नेमणूक मिळालेली शिक्षिका, घाटावरून शिकण्यास आलेला विद्यार्थी असे सारे एकाच वेळी चेंढरे, वरसोली, कुरूळ या परिसरात दोन खोल्यांची चौकशी करीत हिंडू लागतात. खोल्या नाहीत असे नाही. पुष्कळ आहेत, त्या शनिवार-रविवारसाठी राखून ठेवलेल्या आहेत, इतकेच.

यात घरमालकाला दोष देण्याचे कारण नाही. समजा, एका खोलीचे रात्रीचे दोन हजार रुपये मिळतात. महिन्यातल्या आठ रात्री जरी ती भरली तरी सोळा हजार होतात. धुलाई, झाडलोट व दलाली वजा जाताही नोकरदार देऊ शकेल त्या मासिक भाड्याहून ही रक्कम अधिक उरते. शिवाय पाहुणा सोमवारी निघून जातो. ज्याच्या वाडीतल्या नारळी-पोफळीवर आता संसार चालत नाही, त्याने हा हिशेब करू नये असे कोण म्हणेल? मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यापर्यंत रो-रो बोट सुरू झाली आणि जानेवारी २०२४ मध्ये शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतू खुला झाला. मुंबई जवळ आली, म्हणजे मुंबईचा पैसाही जवळ आला. जमिनीचा भाव आता या गावातील पगारावर ठरत नाही.

पगार मात्र गावाचाच राहिला. घरभाडे भत्त्याचे दर शहराच्या लोकसंख्येवरून ठरतात: पन्नास लाखांवर पहिला वर्ग, पाच लाखांवर दुसरा आणि त्याखालील सगळी गावे तिसऱ्यात. २०११ च्या जनगणनेत अलिबाग नगरपरिषदेची वस्ती सुमारे वीस हजार होती. साहजिकच येथील कर्मचाऱ्याला सर्वांत कमी दराचा भत्ता मिळतो. लोकसंख्या हे भाड्याचे माप मानण्याची ही रीत एरवी कामचलाऊ म्हणून चालून जाईल. परंतु ज्या गावात मागणी रहिवाशांची नसून पाहुण्यांची आहे तेथे ती सपशेल चुकते, कारण पाहुणे जनगणनेत मोजले जात नाहीत. वर शासनाचा जुना आग्रह असा की शिक्षकाने व ग्रामसेवकाने मुख्यालयीच राहावे; न राहिल्यास हा तुटपुंजा भत्ताही रोखण्याची भाषा होते. परिणामी पेण-पोयनाडकडून रोज एस.टी.ने येणारा शिक्षक राहण्याचा दाखला कोठला तरी मिळवतो. सरकारला हे ठाऊक नसेल असे मानणे फार भोळेपणाचे होईल.

किहीम-आवास-सासवण्याच्या बाजूला वर्षातले बरेच दिवस कुलूप असणारे बंगले, हा या प्रश्नाचा दुसरा भाग. पूर्वी दुसरे घर बंद ठेवले तरी त्याचे काल्पनिक भाडे धरून प्राप्तिकर आकारला जाई. २०१९ च्या अर्थसंकल्पाने ही सवलत एका घराऐवजी दोन घरांना दिली. म्हणजे ज्याच्याजवळ दोन घरे आहेत त्याला दुसरे बंद ठेवण्यास प्रोत्साहन! २०११ मध्ये देशाच्या नागरी भागात सुमारे १ कोटी ११ लाख घरे रिकामी आढळली. पुढच्याच वर्षी केंद्राच्या तज्ज्ञ गटाने १ कोटी ८८ लाख घरांची टंचाई नोंदविली. हे दोन्ही आकडे एकाच देशाचे आहेत.

घर अडकेल ही मालकाची भीतीही जुनीच. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने १९४० च्या पातळीवर भाडी गोठवली, त्याची धास्ती आजही ओसरलेली नाही. वस्तुतः १९९९ च्या कायद्याने करार लेखी व नोंदणीकृत करण्याची जबाबदारी मालकावर टाकली असून, मुदत संपल्यावर परवानाधारकाकडून जागा परत घेण्याचा मार्गही सोपा केला आहे. तरी अकरा महिन्यांचा करार, मोठी अनामत आणि सुटीच्या हंगामापूर्वी जागा रिकामी करण्याची तोंडी अट, हाच शिरस्ता अनेक ठिकाणी चालतो. तोंडी अट नोंदवही पाहत नाही.

भत्ता लोकसंख्येऐवजी प्रत्यक्ष भाड्याच्या पाहणीवर ठरवावा, हे झाले तातडीचे. पण केवळ भत्ता वाढवल्यास, खोल्या तितक्याच असल्याने, त्यातला मोठा वाटा मालकाच्याच खिशात जाईल. खोल्या वाढल्या पाहिजेत. थळचा खत कारखाना आला तेव्हा कामगारांसाठी कुरूळला वसाहत उभी राहिली; कामगार गावावर सोडून दिले गेले नाहीत. जिल्ह्याचे सर्वांत मोठे मालक म्हणजे सरकार व जिल्हा परिषद. शिक्षकांसाठी व विद्यार्थ्यांसाठी भाड्याच्या खोल्या बांधायला त्यांनी स्वतःच्या ताब्यातील जागांची यादी तरी प्रथम प्रसिद्ध करावी.