'अपात्र' म्हणजे नवे गावकुसाबाहेर!

धारावीचा पुनर्विकास हवा की नको, असा वाद घातला जातो. आमच्या मते प्रश्नच चुकीचा आहे. चांगले घर कोणाला नको? खरा प्रश्न आहे, धारावीत राहणार कोण?

मिठी नदी आणि माहीमच्या खाडीलगतच्या दलदलीत भराव घालून ही जमीन राहण्याजोगी केली ती चर्मकार, कुंभार, तमिळ दलित, मुस्लिम कष्टकऱ्यांनी. आज शेजारी वांद्रे-कुर्ला संकुल उभे आहे, म्हणून तिला सोन्याचा भाव आला.

नियम काय सांगतो? १ जानेवारी २००० पूर्वीच्या तळमजल्यावरील रहिवाशालाच धारावीत ३५० चौरस फुटांचे मोफत घर. त्यानंतर २०११ पर्यंत आलेल्यांना पैसे भरून ३०० चौरस फूट, तेही धारावीबाहेर. माळ्यावर राहणारेही बाहेरच. बाहेर म्हणजे कुठे? मिठागरांवर, देवनारच्या डंपिंगवर! गावाने आपल्याला गावकुसाबाहेर ठेवले. शहर आता कचऱ्याशेजारी ठेवू पाहते आहे.

बाबासाहेबांनी आपल्याला हक्क मागायला शिकवले, उपकार नव्हे. म्हणून तरुणांनो, गल्लीगल्लीत बसा, लोकांची कागदपत्रे तपासा, हरकती लिहून द्या. मागणी एकच ठेवा: माळा असो वा तळमजला, घर धारावीतच!

जय भीम!