जमावाची तेजी
अमेरिकेतील गेमस्टॉप ही व्हिडिओ गेम विकणारी कंपनी बुडीत निघणार, या हिशेबाने बड्या गुंतवणूक-पेढ्यांनी तिचे समभाग उसने घेऊन विकले होते, आणि ही उसनवारी बाजारात खुल्या असलेल्या समभागांच्या संख्येहूनही अधिक झाली होती. हे ध्यानी येताच इंटरनेटवर एकत्र आलेल्या असंख्य अनोळखी लोकांनी परस्परांच्या उत्साहावर विसंबून खरेदीचा असा सपाटा लावला की, 2021 च्या जानेवारीच्या आरंभी सुमारे 17 डॉलर असलेला भाव 28 तारखेस काही काळ 483 डॉलरांपर्यंत चढला. अशा पेढ्यांपैकी एक असलेल्या मेल्विन कॅपिटलचे त्या एका महिन्यात निम्म्याहून अधिक भांडवल बुडाले, तेव्हा अनेकांना न्याय झाल्याचे समाधान वाटले, आणि ते अगदी स्वाभाविक होते. परंतु बाजार-नियामक आयोगाच्या त्याच वर्षीच्या ऑक्टोबरातील अहवालात, ही तेजी आठवडेच्या आठवडे टिकली ती उसने समभाग विकलेल्या मंदीवाल्यांना ते परत करण्यासाठी कराव्या लागलेल्या खरेदीमुळे नव्हे, तर लोकांच्या अनुकूल भावनेमुळे, असे नमूद आहे, आणि मला खरी चिंता वाटते ती याचीच. कारण ती भावना ओसरताच फेब्रुवारीच्या मध्यास भाव 50 डॉलरांच्या आसपास उतरला, आणि जमावाच्या भरवशावर शिखराशी खरेदी केलेल्या सामान्य माणसाने आपल्या बचतीची दाद कोणाकडे मागावी, हे त्याला सांगणारा त्या जमावात कोणीही उरला नव्हता.