गळ्यात गाठ दिसली नाही, म्हणजे आजार नाही?

"डॉक्टर, सोनोग्राफी नॉर्मल आली, म्हणजे काळजीचं काही नाही ना?" पन्नाशीच्या एका बाईंनी फाईल पुढे करत विचारले. सात वर्षांत तीनदा मुतखडा, हाडे दुखणे, थकवा, बद्धकोष्ठता. रक्तातील कॅल्शियम ११.८ (सर्वसाधारणपणे ८.५ ते १०.५), पॅराथायरॉईड हार्मोनही वाढलेले. तरी गळ्याच्या सोनोग्राफीत गाठ नाही, म्हणून 'पॅराथायरॉईडचा आजार नाही, पाणी भरपूर प्या' असे सांगून त्यांना घरी पाठवले होते.

हा निष्कर्ष साफ चुकीचा आहे. का, ते समजण्यासाठी आईच्या पोटातील पहिल्या दोन महिन्यांकडे वळावे लागेल.

पॅराथायरॉईड म्हणजे थायरॉईडच्या मागे असणाऱ्या, मसुरीच्या दाण्याएवढ्या, बहुधा चार ग्रंथी. रक्तातील कॅल्शियमवर त्यांचा ताबा असतो. पण त्या मुळात तिथे तयार होत नाहीत. साधारण पाचव्या-सहाव्या आठवड्यात गर्भाच्या घशाच्या दोन्ही बाजूंना छोटे कप्पे असतात. चौथ्या कप्प्यातून वरच्या दोन ग्रंथी तयार होतात आणि तिसऱ्यातून खालच्या दोन. हे उलटे वाटते, नाही का? कारण असे, की तिसऱ्या कप्प्यातूनच थायमस ही ग्रंथीही तयार होते. ती छातीत उतरताना खालच्या पॅराथायरॉईडना सोबत घेऊन जाते. वाटेत थायरॉईडपाशी त्यांनी हात सोडायचा असतो. एखादी लवकर सोडते आणि वर जबड्याच्या कोनाजवळ राहते. एखादी सोडतच नाही आणि छातीच्या मधल्या हाडामागे पोहोचते. तिथे सोनोग्राफीची नजर पोहोचत नाही!

चार्ल्स मार्टेल या अमेरिकन जहाजाच्या कप्तानाची कथा प्रसिद्ध आहे. या आजाराने त्याची हाडे ठिसूळ झाली, उंची कमी झाली. १९२६ पासून सहा शस्त्रक्रिया झाल्या, तरी दोषी ग्रंथी मिळेना. १९३२ साली बोस्टनमध्ये सातव्या वेळी ती छातीत सापडली. तोवर मूत्रपिंडे खराब झाली होती, आणि काही आठवड्यांतच तो गेला. ग्रंथी सापडत नव्हती, म्हणून त्याचा आजार खोटा होता का?

कोणी म्हणेल, 'अशा भरकटलेल्या ग्रंथी कितीजणांत असतात? त्यासाठी सगळ्यांना कशाला घाबरवायचे?' बहुतेकांच्या ग्रंथी गळ्यातच असतात, हे मान्य. पण गळ्यातली लहान गाठही सोनोग्राफीत निसटू शकते. मुद्दा वेगळाच आहे. आजार आहे की नाही, हे रक्त सांगते. ग्रंथी कुठे आहे, हे स्कॅन सांगतो. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही, म्हणून पहिल्याचे उत्तर बदलत नाही. घरात चोरी झाली आहे. चोर स्वयंपाकघरात दिसला नाही, म्हणून चोरीच झाली नाही असे आपण म्हणतो का?

म्हणून वाचकांना सांगणे एवढेच:

- मुतखडा पुन्हा पुन्हा होत असेल किंवा हाडे कारणाविना विरळ होत असतील, तर रक्तातील कॅल्शियम तपासले आहे का, हे डॉक्टरांना विचारा.
- ते वाढलेले असेल, तर पॅराथायरॉईड हार्मोन आणि व्हिटॅमिन डी तपासावे लागते. काही औषधे आणि आनुवंशिक कारणेही डॉक्टर पडताळतात. नुसते हार्मोन वाढलेले असेल, तर व्हिटॅमिन डीची कमतरताही कारण असू शकते.
- निदान पक्के झाल्यावरच स्कॅन. शस्त्रक्रिया ठरली, तर ती या ग्रंथींचा अनुभव असलेल्या सर्जनकडेच करा.

त्या बाईंचा सेस्टामिबी स्कॅन केला. ग्रंथी छातीच्या हाडामागे, थायमसला चिकटून होती. शस्त्रक्रियेनंतर कॅल्शियम नॉर्मल झाले. आजार पहिल्या रक्ततपासणीतच दिसत होता. सात वर्षांत ती तपासणी आधी कोणीच केली नाही, आणि केली तेव्हा तिच्यावर विश्वास ठेवला नाही.