तिकीट माफ, पण हिशोबातून बाद

शहरांतील वाहतुकीचे नियोजन सुधारण्यासाठी काही राज्यांनी कायदे केले. तामिळनाडूने २०१० मध्ये चेन्नईसाठी, केरळने २०१९ मध्ये आपल्या महानगरांसाठी, कर्नाटकने २०२२ मध्ये बंगळूरसाठी. बस, मेट्रो, रस्ते यांची वेगवेगळी खाती एका प्राधिकरणाखाली आणून एकच आराखडा करायचा, हा या कायद्यांचा गाभा. त्याचे स्वागत करू. पण मैत्रिणींनो, प्राधिकरण नवे आणि मोजपट्टी जुनीच राहिली, तर आपल्या पदरात काय पडणार?

प्रकल्प 'फायद्याचा' कसा ठरतो ते पाहा. केंद्राच्या २०१७ च्या मेट्रो धोरणानुसार समाजाला होणाऱ्या लाभाचा परतावा किमान १४ टक्के दाखवावा लागतो. या हिशोबात प्रवाशांचा वाचलेला वेळ ही मोठी जमेची बाजू असते, आणि वेळेची किंमत बहुधा कमाईवरून काढतात. म्हणजे मोटारीतल्या साहेबांची दहा मिनिटे महाग, धुणीभांडी करणारीची स्वस्त, आणि घरात बिनपगारी राबणारीची कवडीमोल!

मुळात आपला प्रवास मोजतात तरी का? २०११ च्या जनगणनेत कामावर जाण्याचे अंतर आणि साधन विचारले, पण शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योगातील कामगार यांना वगळून. गृहिणींचा तर प्रश्नच नव्हता. मी ज्या वस्तीत काम करते तिथली बाई मुलाला अंगणवाडीत सोडते, रेशन आणते, दोन घरची कामे उरकते, सासूला दवाखान्यात नेते. बहुतेक सगळे पायीच. ही पायपीट कोणत्या रकान्यात भरणार?

तामिळनाडूने २०२१ मध्ये आणि कर्नाटकने २०२३ मध्ये स्त्रियांना साध्या बसचा प्रवास मोफत केला. महाराष्ट्राने मार्च २०२३ पासून एसटीचे तिकीट निम्मे केले. सवलत हवीच. पण दुपारी बसच येत नसेल, तर फुकटचे तिकीट काय कामाचे? सवलत देणारे सरकार मार्ग ठरवताना आपल्याला विचारत नाही.

'वाहनांना नव्हे, माणसांना प्राधान्य' हे २००६ च्या राष्ट्रीय धोरणातच म्हटले होते. धोरणातील सुभाषिते पुरे झाली. आता कायद्यात लिहा. स्त्री-पुरुषांच्या प्रवासाची वेगवेगळी पाहणी करा, पायी फेऱ्याही मोजा. प्रत्येकीच्या वेळेला समान किंमत द्या. मंजुरीआधी वस्तीत जनसुनावणी घ्या आणि प्रकल्पाचा हिशोब लोकांच्या भाषेत मांडा.

तोवर प्रत्येक गटाने आठवडाभराच्या आपल्या फेऱ्या वहीत लिहून काढाव्यात: कुठे, कशासाठी, किती वेळ. शासन मोजत नसेल, तर आपण मोजू आणि ती वही घेऊन त्यांच्या दारात उभ्या राहू.