नमद्यावरचे मणी
लोकरीच्या तंतूंवरील सूक्ष्म खवले ओलावा, उष्णता आणि दाब यांच्या योगाने परस्परांत गुंतून, मागाची अथवा ताण्याबाण्याची मुळीच अपेक्षा न ठेवता, जो घट्ट थर सिद्ध होतो तो नमदा, ज्याला हल्लीचे दुकानदार फेल्ट म्हणतात, घोड्याच्या खोगिराखालून उठून स्त्रियांच्या कर्णभूषणांपर्यंत पोहोचला, ही त्याची बढती मला तरी सर्वस्वी रास्त वाटते. विणीचा धागाच नसल्यामुळे त्याची कापलेली कड उसवत नाही, आणि म्हणून इवली पाकळी कातरून तिच्यावर ११ नंबरचे, म्हणजे सुमारे २ मिलिमीटरचे, काचमणी बिनधोक टाचता येतात (या मण्यांचा हिशेब उफराटा: आकडा वाढला की मणी लहान). दोन मणी ओवून सुई खाली न्यावी, एक मणी मागे वर काढावी आणि शेवटच्या मण्यातून पुन्हा फिरवावी, म्हणजे ओळ डळमळत नाही. पाठीमागच्या गाठींचे जंजाळ त्याच आकाराच्या दुसऱ्या तुकड्याने झाकावे. नुसत्या डिंकाने चिकटवलेल्या बाजारी जिनसांची गणना मी या कलेत करीत नाही. मात्र मणी टाचलेल्या अशा नमद्याच्या दागिन्याला पाण्यापासून जपावे लागते, कारण अस्सल लोकरी नमदा भिजून चोळला गेला की आणखी आक्रसतो आणि त्यावरची मण्यांची रांग वाकडी होऊन उचलली जाते.